दर उतरल्याची बातमी

लाल दिवा.

"…महागाईचा दर गेल्या महिन्यातही उतरला." वाक्य त्याने अलगद टेकवलं आणि पान आवाज न करता उलटलं. रेडिओवर बातम्या देणाऱ्याची हेच तर कसब, पानाचा आवाज होता कामा नये. त्याचा चेहरा कुणी ओळखत नसे. आवाज मात्र घराघरांत सकाळच्या चहाबरोबर घोटघोट प्याला जाई.

स्टुडिओच्या काचेपलीकडच्या फोनला घंटा नव्हती, नुसता पिवळा दिवा लुकलुके. बातम्यांच्या वेळी घरून कधी फोन येत नसे. तेव्हा बाबा रेडिओला कान लावून बसत, आणि भांडं वाजवायची कुणाची टाप नसे.

लाल दिवा बंद.

औषधवाल्याने रस्त्यातच गाठलं. "काय हो, वडील ठणठणीत झाले की काय? हृदयाच्या गोळ्या न्यायला फिरकलेच नाहीत."

"परवाच तर म्हणाले, भरपूर आहेत."

"माझ्याकडून तरी नाहीत. भाव ऐकला, हसले, म्हणाले थोडं थांबतो."

तो जवळजवळ धावतच घरी आला. बाबा खुर्चीत होते. पाय सुजून चपलेत मावेनात. खुर्चीलगतच्या डबीत सुरीने कातरलेले गोळ्यांचे तुकडे.

"बाबा, हे काय?"

"पुरवून पुरवून घेतोय. भाव उतरले की अख्खी घेईन."

"उतरतील असं कोण म्हणालं?"

"घ्या! सूनबाई, ऐकलंस? दर महिन्याला हाच सांगतो, आणि वर मलाच विचारतो!"

"अहो बाबा, दर उतरला म्हणून भाव उतरत नाहीत. ते चढतातच. पूर्वीपेक्षा जरा हळू, एवढंच."

"चढतातच?"

"हो."

"मग उतरलं काय?"

"चढायचा वेग."

बाबा स्वतःच्या पायांकडे बघत राहिले. "मग तसं सांगत जा की रे लोकांना. तुझ्या आवाजात काहीही खरं वाटतं."

सून हसली नाही. डॉक्टरांनी अख्ख्या गोळ्या सुरू केल्या आणि जाताना दारात हळूच म्हणाले, "उशीर झालाय. बघू."

लाल दिवा.

नवा महिना, नवा आकडा, वाक्य तेच. तो निघताना बाबांनी अंथरुणातूनच रेडिओ जवळ ओढला होता. "आज सांगणार ना?"

"महागाईचा दर आणखी उतरला," त्याने वाचलं.

पिवळा दिवा लुकलुकू लागला.

काचेपलीकडच्या सहकाऱ्याने फोन उचलला. ऐकलं. आणि मान खाली घातली ती वर केलीच नाही.

कागदावर पुढे हवामान होतं.

"भाव मात्र उतरलेले नाहीत," तो म्हणाला. सावकाश, कमी ऐकू येणाऱ्या माणसाला समजवावं तसं. "औषधांचेही नाहीत. थांबून राहू नका."

मग त्याने पान उलटलं. पानाचा आवाज झाला.