डाळ शिजवणारी विहीर

"डाळ आहे का छर्रे?" ताटात बोट फिरवत बोकारे ओवरसियर पुटपुटले. "तीन दिवस झाले नत्थुजी, एक दाणा मऊ नाही."

"मी काय करू सायेब?" त्यांचा स्वयंपाकी नत्थुजी म्हणाला. "सक्काळपासून चुलीवर हाये. पानीच खारं या गावचं. खारपानपट्टा म्हन्तेत याले."

चावडीच्या दाराशी उभ्या असलेल्या पंचफुलेनं पदर तोंडाशी धरला. ती हसायला आली नव्हती, भांडायला आली होती. पण साहेबाची डाळ कच्ची राहते म्हटल्यावर तिला वाटलं, अर्धं भांडण नत्थुजीनंच उरकलं.

सन बासष्ट चालू होतं. मूर्तिजापूरला जाणारी चिखलवाट आता पक्की सडक होणार होती. पंचफुलेलाही सडक हवीच होती. तिची मैना त्याच चिखलातून शाळेत जायची. पण साहेबांनी काल चुन्याची रेघ मारली ती थेट नाल्यावरून. तिथं मातीचा उंच भराव येणार, खालून पाणी जायला मोरी नाही, आणि नाला वळून अर्ध्या मैलावरच्या मोठ्या पुलाखालून जाणार.

त्या नाल्याच्या काठी पंचफुलेच्या वस्तीची विहीर होती. छप्पन साली धम्मदीक्षा घेतली त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात बारा घरांनी ती हातांनी खणली. पहिली कुदळ पंचफुलेच्या नवऱ्यानं, श्रावणनं मारली होती. "खारंच लागन, लिहून ठेवा," म्हणून गाव हसलं होतं. लागलं ते गोड. तेव्हापासून पंचफुला मान जरा वर करूनच चालायची, डोक्यावर घागर असो की नसो.

"सायेब, नाला वळवू नका."

"बाई, चार महिने वाहणारा नाला तो."

"तो चार महिने वायते, त्याच्यावर आमची विहीर बारा महिने जगते. ज्या साली नाल्याले पूर नाई, त्या साली चैतात आमची डाळ बी कडक रायते. नाला गेला का खालचं खारं वर आलंच."

"हे कशावरून म्हणता?"

"डाळीवरून."

बोकारे हसले, पण ताटाकडे बघून थांबले. "कागदावर डाळ चालत नाही बाई."

"मंग चुलीवर चालवून पाहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीपुढं तीन चुली मांडल्या. तिन्ही गाडगी सारखी, तूरडाळ एकाच पायलीतली, गोवऱ्याही मोजून. पहिल्या गाडग्यात पाटलाच्या विहिरीचं पाणी, दुसऱ्यात गावविहिरीचं, तिसऱ्यात वस्तीचं. बोकारेंनी मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं. डाळ ही बायकांची बाब, म्हणून चावडीकडं कधी न फिरकणाऱ्या बायकाही ओट्या-ओट्यांवरून उतरून आल्या. पाटलीण दुर्गाबाईसुद्धा.

"सडकीचं काम आता चुलीवर ठरून राहिलं का?" बाजेवरून खुशालराव पाटील म्हणाले. माणसं हसली.

"पाटील, पोटाचं सारंच चुलीवर ठरते," पंचफुला फुंकणी न सोडता म्हणाली. आता बायका हसल्या.

पाऊण तासात तिसऱ्या गाडग्यातली डाळ उमलली. नत्थुजीनं दाणा चिमटीत धरून दाबला. "लोनी हाये, सायेब." बाकीच्या दोन गाडग्यांत दाणे टणाटण नाचतच होते. दीड तास झाला तरी नाचत होते.

बोकारेंनी घड्याळ बांधलं आणि कागद काढला. "मोरीसाठी वर लिहितो. पण अमरावतीचे साहेब पहिला प्रश्न हाच विचारतील, या विहिरीवर घरं किती? थोडी असली तर खोडून टाकतील."



उत्तर गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. रमजान पखालवाला हेल्याच्या, म्हणजे रेड्याच्या पाठीवर कातडी पखाल टाकून वरच्या आळीत घरोघर पाणी घालायचा, 'नदीचं पाणी' म्हणून. नदी दीड कोसावर, आणि रमजानच्या तोंडातलं पान चघळून होईस्तोवर हेला परत. हेला काही उडत नव्हता. पण कालपर्यंत ज्यांना आपल्या विहिरीला शिवू दिलं नाही, त्यांच्याच विहिरीचं पाणी पितो म्हणायला वरच्या आळीची जीभ वळत नव्हती. वस्तीनंही कधी रमजानला अडवलं नाही, की कोणाला टोमणा मारला नाही. तहानलेल्याला पाणी द्यायचं, त्याचा डांगोरा पिटायचा नाही, असं वस्तीत ठरलेलं होतं.

"सांग ना वं," मागं उभा श्रावण हळूच म्हणाला.

"बारा," पंचफुला म्हणाली.

"अवं, खरं सांग. नाई तं मोरी जाते."

"आपल्या चुली मी मोजल्या. दुसऱ्याच्या चुली मी काहून मोजू? त्याईले तोंड हाये."

पंचफुलेनं फुंकणी खाली ठेवली. एक शब्द बोलली असती तर विहीर वाचली असती. पण तो शब्द तिनं ओढून काढला, तर ती चहाडी झाली असती. तिला तो दिलेला हवा होता.

"बारा घरांसाठी मोरी मिळणं अवघड," बोकारे म्हणाले. "पाटील, आणखी कोणी?"

खुशालराव निंबाच्या शेंड्याकडं बघत होते, जणू तिथंच सडक होणार होती. कडेला उभा रमजान हेल्याची दोरी नीट करू लागला. दोरी नीटच होती. पखालीतून थेंब थेंब पाणी गळत होतं. बोकारेंनी टाकानं 'बारा' लिहिलं आणि शाई वाळायला फुंकर मारली.

दुर्गाबाई पुढं आल्या. तिसऱ्या गाडग्यात पळी घालून त्यांनी तळहातावर डाळ घेतली, सगळ्यांदेखत तोंडात टाकली, आणि सावकाश गिळली.

"खोडा ते, सायेब," त्या म्हणाल्या. "पाटलाचं घर तेरावं लिहा. पाच साल झाले, आमच्या घरची डाळ पंचफुलाच्याच विहिरीच्या पान्यात शिजून राहिली."