अप्पांच्या मणक्याचं झाड

अप्पांच्या कण्यातली एक गादी सरकून नसेवर दाब देत होती आणि दुखणं काही केल्या हटत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करा, किंवा गोळ्या-व्यायामावर वर्षभर वाट बघा. दोन्ही चालेल. तुम्ही ठरवा." अप्पा घरी आले आणि लेकीला म्हणाले, "चिमणे, तूच ठरव. दिवसभर तेच तर करतेस."

ते खरंच होतं. मणक्याच्या कुठल्या उपचारावर घातलेला पैसा सार्थकी लागतो, हे तपासणारी गणिती मॉडेलं ती बनवायची. हजारो माणसं आकडे होऊन तिच्या संगणकातून जायची. कुणी बरं व्हायचं, कुणी पुन्हा ऑपरेशनला यायचं. त्यातल्या एकाचाही आवाज तिनं कधी ऐकला नव्हता.

रविवारी दुपारी तिनं जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा तुकडा घेतला. जन्मभर पुस्तकबांधणी केलेल्या माणसाच्या घरात एक वेळ मीठ नसेल, पुठ्ठा असतोच. तिनं त्यावर निर्णयाचं एक आडवं झाड काढलं, प्रत्येक शक्यतेला एक फांदी.

"ही चौकट कसली?" अप्पांनी विचारलं.

"इथे आपण ठरवतो."

"आणि हे गोल?"

"तिथे आपल्या हातात काही नसतं."

"गोलच जास्त दिसतायत की गं!"

ती हसली. मग तिनं तिच्या कामातला नेहमीचा प्रश्न विचारला. "समजा, पुढची दहा वर्षं अशीच दुखरी आहेत. दुखणं साफ जाणार असेल, तर त्या बदल्यात आयुष्यातली किती वर्षं सोडाल?"

"एकही नाही."

"नीट विचार करा, अप्पा."

"केला. एकही नाही."

जो एकही वर्ष सोडत नाही त्याला दुखणंच नाही, असं मॉडेल धरतं. "मग तुम्ही ठणठणीत," ती म्हणाली. "ऑपरेशन नकोच."

"मग झालं तर! नकोच ते."

पलीकडे कपड्यांच्या घड्या घालणारी आई थांबली. "ठणठणीत? यांचे बूट कोण बांधतं? खुर्चीतून कोण उठवतं? शिंक आली तरी आधी माझा हात धरतात, मग शिंकतात!"

"अगं, तू कशाला मध्ये?"

"मलाही विचार गं तो प्रश्न."

"आई, तो रोग्यालाच विचारतात. मॉडेलमध्ये तुला..." तिची जीभ अडखळली. ऑफिसात हे वाक्य ती बेधडक बोलायची. "तुला जागा नाही."

"नसू दे. यांचं दुखणं जात असेल तर माझी दोन वर्षं घे." आणि आईनं पुढचा सदरा उचलला.

अप्पा पुठ्ठ्याची कड अंगठ्यानं चाचपत राहिले. "ऑपरेशन फसलं तर सगळा भार हिच्यावर येईल," ते हळूच म्हणाले. "म्हणून नको म्हणत होतो."

"आणि आत्ता कुणावर आहे?" आईनं वर न बघताच विचारलं.

लेकीनं पेन्सिल घेतली आणि प्रत्येक फांदीखाली आणखी एक रेघ ओढली, आईची. ऑपरेशन फसण्याची फांदी होती, पण बारीक. वाट बघण्याच्या फांदीवर मात्र आई वर्षभर रोज वाकत होती.

"मी तुमच्या जागी असते तर केलं असतं, अप्पा. पण चौकट तुमची आहे."

अप्पांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. "दोन वर्षं म्हणे! मोठी आली दानशूर," ते पुटपुटले. मग घसा खाकरून म्हणाले, "डॉक्टरांना फोन लाव."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आई दारात वाकून त्यांच्या बुटांच्या नाड्या बांधत होती. अप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "हे शेवटचं हं. यापुढे माझे मी बांधणार."

"ते गोलात आहे," आई गाठ ओढत म्हणाली. "उगाच चौकटीत कोंबू नका. चला."