सूनबाईच्या गोळ्यांचा पेला

मी पेला बोलतोय. स्टीलचा, काठाला पोचा आलेला. कारखान्यात पत्र्यावर यंत्र आदळलं आणि मी जन्मलो. रडायलाही सवड मिळाली नाही. भावंडांबरोबर या घरात आलो. पडलो मीच, म्हणून पोचाही मलाच.

सूनबाई शिवणकाम करते. तिला क्षय झाला तेव्हा सासूबाईंनी मला तिच्यासाठी वेगळा काढला. पेल्यातून हा रोग पसरत नाही, पण पेल्याचं ऐकतो कोण!

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी बजावलं होतं, "एकही गोळी चुकवायची नाही." सासूबाईंनी खूणगाठच बांधली. रोज सकाळी सुनेच्या हातावर गोळ्या, पुढ्यात मी, आणि ती गिळेपर्यंत त्या ढिम्म हलायच्या नाहीत. खोकला कमी झाला. घर खूश.

मग तिच्या छातीवर लाल पुरळ उठलं. ताप भरला.

"अगं, रोग बाहेर पडतोय. औषध लागू पडलं म्हणायचं," सासूबाई म्हणाल्या.

"आई, अंगाची आग होतेय हो. आजच्या दिवस राहू द्या ना."

"छे! गीळ बघू."

तिने गिळल्या. मला दुसरं काही कळो न कळो, ओठ कळतात. ते सुजले होते. पुढे फोडांनी भरले. माझा काठ लागला की ती कळवळायची. मला आवाज असता तर घर डोक्यावर घेतलं असतं.

डोळे लाल झाले, तोंडातली कातडी सुटू लागली, तेव्हा नवऱ्याने तिला रुग्णालयात नेलं. मीही पिशवीतून गेलो. डॉक्टरीणबाईंनी सगळ्या गोळ्या तिथल्या तिथे थांबवल्या. "ही औषधाची ॲलर्जी आहे. पुरळ दिसलं त्याच दिवशी यायचं होतं. जिवावर बेतलंय."

सासूबाई म्हणाल्या, "माझ्याच हाताने दिल्या हो!"

जीव वाचला, पण क्षय तसाच होता. कातडी बरी झाल्यावर वॉर्डातच गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, एका वेळी एकच, थोडी थोडी. तिसरी गोळी सुरू होताच सूनबाईला खाज सुटली. चोर सापडला. त्या गोळीच्या जागी वेगळी आली.

आता आम्ही घरी आहोत. उपचार लांबलेत. गोळ्या नवरा देतो. सासूबाई हात लावत नाहीत, दाराआडून बघतात. तुम्हाला एवढंच सांगतो, गोळी चुकवू नका. पण पुरळ उठलं तर घरात बसून अर्थ लावू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

आज सूनबाईने मला भरून सासूबाईंच्या हातात दिलं. "आई, आज गोळ्या तुम्हीच द्या."

"नको गं. हात थरथरतात माझे."

"थरथरू देत. सांडलं तर पुसू."

सासूबाईंनी मला खाली ठेवलं. आधी तिचे हात उलटसुलट पाहिले, गळा पाहिला, जीभ काढायला लावली. मग गोळ्या दिल्या.