हे खरे आहे

कृष्णातने ट्रॅक्टर मागे घेत घेत थेट फाटकातून आत आणला आणि ट्रॉलीतला ऊस क्षमाताईंच्या अंगणात ओतला. तुळशीपासून पायरीपर्यंत ढीग पडला. मग खाली उतरून त्याने चपला काढल्या, कारण घर शेवटी भावकीतलं होतं, आणि ढिगाशेजारी हात बांधून उभा राहिला.

“वैनी, तोडून आठ दिस झालं ह्याला,” तो म्हणाला. “आता तुमीच गाळा.”

क्षमाताई दारात उभ्या होत्या. कांड्यांची टोकं लाल पडून वाळली होती. हे बघून काहीतरी वाटायला हवं होतं, राग किंवा निदान शरम. त्यांनी थोडी वाट बघितली. काहीच वाटलं नाही.

“चहा घेणार?” त्यांनी विचारलं.

“घेतो की,” कृष्णात म्हणाला आणि ढिगाला वळसा घालून वर आला.

क्षमाताई इथल्या आमदार, विरोधी बाकावरच्या. काठावरचा सहकारी साखर कारखाना मळीचं पाणी कृष्णेत सोडतो, मासे मरतात, नदीकाठच्या पोरांच्या अंगावर फोड उठतात, याला जबाबदार कोण, हा प्रश्न त्या दर अधिवेशनात विचारत आल्या होत्या. उत्तरही ठरलेलं होतं: ‘हे खरे नाही.’ आणि पुढच्या सगळ्या पोटप्रश्नांना मिळून एकच, ‘प्रश्न उद्भवत नाही.’ सरकारी उत्तरांचं एवढं एक बरं असतं, पाठ करावी लागत नाहीत. ताई विचारायच्या, मंत्री नाही म्हणायचे, दुसऱ्या दिवशी पेपरात ताईंचा हात वर केलेला फोटो यायचा आणि कारखाना चालू राहायचा. कारखान्याचे सभासद म्हणजे कृष्णातसारखे ऊसवाले शेतकरी, त्यातले निम्मे ताईंचे मतदार. बाई धाडसाची हाय, असं तेसुद्धा कौतुकाने म्हणायचे. सगळ्यांचं बरं चाललं होतं. माशांचं तेवढं चाललं नव्हतं.

मग गेल्या आठवड्यात, नागपूरच्या अधिवेशनात, मंत्री उठले आणि म्हणाले, “हे खरे आहे.”

ताई उपप्रश्नासाठी आधीच उभ्या राहिल्या होत्या. तो नकारच येणार असं धरून तयार केलेला होता, त्यामुळे आता त्याचा काही उपयोग नव्हता. “सन्माननीय सदस्यांच्या भावनेचा आदर करून,” मंत्री पुढे म्हणाले, “कारखान्याचं गाळप आज संध्याकाळपासून बंद करण्यात येत आहे.” सत्ताधाऱ्यांनी बाकं वाजवली. ताईंच्या बाजूच्यांनीही वाजवली, सवयीने. ऐन हंगामात, शिवारं उसाने भरलेली असताना, मंत्र्यांनी ताईंनी मागितलेलं सगळं एका वाक्यात त्यांच्या पदरात टाकलं होतं. ताई खाली बसल्या तेव्हापासून त्यांना काही वाटेनासं झालं होतं.

कृष्णातने बशीत चहा ओतला.

“तोडणीच्या टोळ्या बसून हायत. दुसऱ्या कारखान्याचा मानूस येऊन त्यास्नी इचारून गेलाय. त्या गेल्या की उभा ऊस वाळून चालला बघा.”

“नदीत मासे मरत होते ते दिसत होतं ना तुम्हाला?”

“दिसत हुतं की. म्याच फोटू काढून धाडलं तुमास्नी.” तो खरोखरच दुखावला होता. “पर तुमी असं खरं करून याल, असं कुनाला वाटलं हुतं?”

दुपारी मंत्र्यांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा आदबशीर होता.

“ताई, कारखान्याने पाणी शुद्ध करायची यंत्रणा बसवली. तपासणीही झाली. परवा गाळप सुरू करू म्हणतो. फक्त लोकांच्या मनात किंतू नको. प्रश्न तुमचा, तेव्हा मान तुमचा. तुमच्या हस्ते घाटावर कृष्णामाईची ओटी भरू. ओटी भरा, तीर्थ घ्या, आणखी काही मागत नाही.”

“आणि मी नाही आले तर?”

“तर ताईंचं समाधान झालेलं नाही, असं आम्ही समजू. कारखाना बंद राहील. तुमच्या शब्दाबाहेर आम्ही नाही.”

एवढी यंत्रणा आठवड्यात बसत नसते, हे ताईंना ठाऊक होतं. तीर्थ घेतलं तर पाणी चांगलं झालं, असं साऱ्या गावासमोर सांगितल्यासारखं होणार होतं. नाही घेतलं तर ऊस वाळणार होता, आणि वर कृष्णामाईला पाठ दाखवलेली बाई म्हणून मरेपर्यंत ओळख राहणार होती. परक्या माणसाला हे सुचलं नसतं. ओटीला सवाष्ण नाही म्हणू शकत नाही, हे ज्याने आपल्या आईच्या पदराला धरून बघितलंय त्यालाच ते सुचतं. ताईंना मंत्र्यांचं कौतुक करावंसं वाटलं, मग तेही गेलं.

संध्याकाळी त्या एकट्याच चालत भोई आळीत गेल्या. मनुबाई दारात जाळ्याचा गुंता सोडवत बसली होती. नदीतले मासे विकून तिचं घर चालायचं. तिच्या नातीच्या, रेश्माच्या, पायांवरचे फोड बघूनच ताईंनी पहिल्यांदा तो प्रश्न विचारला होता. नदीचं पाणी तोंडात घालायचं नाही, उकळूनही नाही, असं त्यांनी मनुबाईला तेव्हा बजावलं होतं, आणि तेव्हापासून मनुबाई रोज माळावरच्या बोअरचं पाणी डोक्यावरून आणत होती.

“बसा, ताई. रेशमे, पाय दाव ताईंना.”

पोरगी भिंतीला धरून उभी राहिली. पोटऱ्यांवर जुने काळे डाग होते, ओला फोड एकही नव्हता.

“बसलं सगळं,” मनुबाई म्हणाली. “माळ चढून चढून माजं गुडघं गेलं, पर पोरीचं पाय वाचलं. परवा काय हाय म्हनं घाटावर?”

“ओटी आहे.”

“तुमी भरनार?”

“बोलावलंय.”

“मंजी पानी चांगलं झालं?”

परवा मी काहीही केलं तरी तू त्या पाण्याला हात लावू नकोस. एवढंच सांगायला ताई आळीत आल्या होत्या. वाक्य साधं होतं, पण ते बोललं म्हणजे परवा आपण काय करणार हेही त्यात आलंच असतं, आणि ते अजून त्यांनी स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं. त्यांनी रेश्माच्या पोटरीवरून एकदा हात फिरवला.

“सरकार काय बी म्हनू दे,” मनुबाई जाळ्यात मान घालून म्हणाली. “तुमी म्हनाल त्ये आमास्नी खरं.”

“बघू,” ताई म्हणाल्या आणि उठल्या.

ठरल्या दिवशी घाटावर मांडव घातला होता. सकाळपासून ऊसवाल्यांच्या मोटारसायकली येऊन लागल्या होत्या आणि कृष्णात फेटा बांधून सगळ्यांना पुढे बसवत होता. कारखान्याचे अध्यक्ष धैर्यशीलराव मंत्र्यांच्या मागे मागे फिरत होते. बायाही पुष्कळ आल्या होत्या. आमदारीणबाईंनंतर त्यांनाही ओटी भरायची होती, आणि त्यांच्यात पुढेच, धुतलेलं लुगडं नेसून, नातीचा हात धरून मनुबाई उभी होती.

ताई पायऱ्या उतरल्या. हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळकुंड असं सगळं त्यांनी रीतसर पाण्यात सोडलं. पाण्यावर फिकट तांबूस साय होती. मळीचा वास, आता कारखाना बंद होता म्हणून की काय, पूर्वीपेक्षा कमी होता. गुरुजींनी तांब्या भरून घेतला आणि पळी पुढे केली. मंत्री हात जोडून बाजूला झाले, कॅमेऱ्यांना नीट दिसावं म्हणून.

अजूनही वाटेल काहीतरी, असं ताईंना वाटत होतं. भीती, चीड, काहीही चाललं असतं, त्यावर हात मागे घेता आला असता. त्यांनी तळहात पुढे केला. पाणी ओठांपाशी आलं आणि घशाखाली गेलं. चव कळली नाही. हाताची ओल त्यांनी डोक्यावरून फिरवली आणि घाटभर टाळ्या झाल्या. कृष्णातने तर उभं राहून कृष्णामाईचा जयजयकार केला.

“आता दोन शब्द, ताई,” मंत्री म्हणाले आणि त्यांनी स्वतः माईक त्यांच्या हातात दिला.

ताई माईक धरून वळल्या. बायांनी पळीची वाट बघितली नव्हती. ताईंनी घेतल्यावर कसली वाट बघायची? त्या पायऱ्यांवर पसरल्या होत्या, कुणी ओंजळीने घेत होत्या, कुणी सोबत आणलेल्या कळशा बुडवत होत्या. मनुबाई गुडघ्यांवर हात देत सगळ्यात खालच्या पायरीवर पोहोचली होती. तिने तांब्या भरला. रेश्मा मागे सरत होती.

“घे गं,” मनुबाई तिला म्हणत होती, “ताईंनी घेतलं न्हवं?”

“मनुबाई!”

आवाज माईकवरून घाटभर घुमला. सगळी माणसं वळून मनुबाईकडे बघू लागली. एवढ्या लोकांत, मंत्र्यांसमोर, ताईंनी आपलं नाव घेतलं म्हणून मनुबाई लाजली. पदर सारखा करून तिने वर बघितलं, तोंडभर हसली, आणि ताईंना नीट दिसेल असा तांब्या उंच धरून तो नातीच्या तोंडाला लावला.

टाळ्या पुन्हा सुरू झाल्या. ताईंच्या हातात माईक तसाच होता.