दफनाला दहा

दानियल पेणकरांना खड्ड्यात उतरवलं आणि शालोम झिराडकर माणसं धरायला लागले. शालोमराव ठाण्याच्या सिनेगॉगचे हजान, म्हणजे प्रार्थना सांगणारे. आमच्या बेने इस्रायलींत माणसं आकड्याने मोजत नाहीत; हजान दहा शब्दांचं वचन म्हणतो, एका शब्दाला एक पुरुष. दहा भरले तरच मेलेल्यासाठी प्रार्थनेतला कद्दिश म्हणता येतो. नाही भरले तर नुसती माती लोटायची.

अर्धे लोक इस्रायलला गेलेले, उरलेल्यांचे गुडघे गेलेले. तरी दोघं मोहन्याहून रिक्षा करून आले होते. शुक्रवारची दुपार, अंधार पडायच्या आत शब्बाथ लागणार, त्या विसाव्याच्या दिवशी दफन होत नाही, म्हणजे आणखी कोणाची वाट बघायची सोय नव्हती. दहावा शब्द शालोमरावांचा स्वतःचा, पण वचन नवव्यावरच अडलं. पुढे दानियलचा नातू रूबेन उभा होता, सकाळीच इस्रायलहून विमानाने आलेला.

"याला मी धरत नाही," ते म्हणाले.

का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. काही महिन्यांपूर्वी तिकडे एका पॅलेस्टिनी गावात टोळक्याने घर पेटवलं आणि आत एक म्हातारा जळून मेला. व्हिडिओत पेटता बोळा फेकून हसणारा रूबेन होता. पोलिसांनी सोडून दिलं. शालोमरावांनी मात्र त्या म्हाताऱ्यासाठी उपास सांगितला, आपली माणसं मारली गेली तेव्हा सांगितला होता तसाच. आमच्या लोकांनी त्या दिवशी घरोघरी मटण शिजवलं.

"अंकल, माझे आजोबा आहेत ते," रूबेन म्हणाला.

"त्या म्हाताऱ्याचं नाव सांग. लगेच धरतो."

नाव त्याला माहीतच नव्हतं. शरम वाटली म्हणावं तर तेही नाही, निर्लज्ज मोबाइल बघायला लागला.

दानियलची बायको रिबकाबाई इतका वेळ पदर तोंडाशी धरून उभी होती. नवऱ्याचा कद्दिश हातचा जातोय हे दिसल्यावर ती पुढे आली.

"मग या बाकीच्यांना कसं धरलंत, शालोमभाऊ? तो व्हिडिओ ग्रुपवर आलेला तेव्हा सगळ्यांनी अंगठे दिलेत. आमच्या यांनीच मला एकेकाचं नाव वाचून दाखवलेलं. त्यांना धरता ना? मग माझ्या पोरालाही धरा."

बिचारीला वाटलं, आठ जणांचं पोटात घातलं तसं नवव्याचंही घालतील. पण शालोमरावांकडे साधा फोन. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते त्या आठांकडे वळले.

"ज्याने अंगठा दिला नाही, त्याने पुढे यावं."

कोणी हललं नाही. "फॉरवर्ड आलेलं, भाऊ, बघितलं न बघितलं, दाबलं," मोहन्याचा एक जण पुटपुटला. बाकीचे खड्ड्यात बघत राहिले, जसं काही दानियलच त्यांच्या वतीने बोलणार होता.

शालोमरावांनी पुस्तक मिटलं. "मग मी एकटाच आहे. एकट्याला कद्दिश म्हणता येत नाही."

रिबकाबाईला आपण काय करून बसलो ते तेव्हा कळलं. तिने त्यांची बाही धरली.

"मी आहे ना. मी नाही दिला अंगठा. तुम्ही सांगितलेला उपास मी धरलेला, पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. मला धरा."

शालोमरावांनी बाही सोडवून घेतली.

"बायकांना धरत नाहीत, वहिनी," ते म्हणाले आणि त्यांनी फावडं उचललं.