आठ दिव्यांचा कागद

हर्षालीच्या कागदावर आठ दिवे होते. हिरव्या स्केचपेनने रंगवलेले. ते मनासारखे उतरायला तिचे दोन रविवार गेले होते.

पदविकेच्या शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला, एकट्याने किंवा ग्रुपमध्ये, एखादं यंत्र बनवावं लागायचं. आधी आराखडा सरांकडून मंजूर करून घ्यायचा, मग हातात सोल्डरिंग गन धरायची. बहुतेक मुलं पाण्याची टाकी भरली की वाजणारा भोंगा बनवत. मागच्या वर्षी असे सात भोंगे झाले होते, आणि तोंडी परीक्षेच्या दिवशी प्रयोगशाळेत कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं.

हर्षालीला भोंगा करायचा नव्हता. तिची धाकटी बहीण श्रेया अवसरीच्या शाळेकडून खो-खो खेळायची. तालुक्याच्या सामन्यात खो मिळायच्या आधीच उठून तिने चार फाऊल केले होते आणि घरी येऊन भाकरीला हात लावला नव्हता. तेव्हाच हर्षालीने मनाशी यंत्र ठरवलं. पाटीत, म्हणजे मैदानावर आखलेल्या चौकोनात, बसलेल्या आठ मुलींपुढे एकेक दिवा. दिवा लागला की उठायचं. आधी उठली तर यंत्र ओरडणार, उशीर झाला तर किती ते आकड्यांत दाखवणार.

शेवाळे सरांना कागद आवडला.

"दिवे छान आहेत," ते म्हणाले. "बाहेरच्या परीक्षकांना काहीतरी लागताना-विझताना दिसलं की बरं वाटतं. पण मुलींना उपयोग आहे का, ते मैदानावर जाऊन विचार. त्या हो म्हणाल्या तर सोमवारी सही करतो. नाहीतर भोंग्याच्या ग्रुपमध्ये एक जागा आहेच."

शनिवारी संध्याकाळी हर्षाली श्रेयाच्या शाळेच्या मैदानावर गेली. तशी ती मैदानाची नव्हेच. शाळेत असताना खेळाच्या तासाला मैत्रिणींची घड्याळं सांभाळायचं काम तिच्याकडे असायचं.

खेळाचे संपत सर कागद हातात धरून बराच वेळ बघत राहिले.

"लई झ्याक काढलंय. पण लाइट कुठनं आणायची? इथं दिवसातनं आठ तास लाइट नसती."

"बॅटरीवर चालेल, सर."

"मंग काय हरकत न्हाई."

मुलींनाही दिवे आवडले. "ताई, दिवाळीवानी दिसंल," रुपाली म्हणाली. म्हणजे होकार मिळाला होता. हर्षालीने तेव्हाच घरी जायला हरकत नव्हती. पण वहीत मांडल्याशिवाय तिचा कशावर विश्वास बसत नसे. फाऊल किती आणि कोणत्या पाटीत होतात, एवढं टिपून घ्यावं म्हणून ती कडेच्या दगडावर बसली.

अर्ध्या तासात अकरा फाऊल झाले. अकराच्या अकरा दोन, चार, सहा आणि आठ नंबरच्या पाट्यांतले. एक, तीन, पाच, सातला एकही नाही. तिने आकडे दोनदा तपासले. आपल्याच मोजण्यात चूक असणार, असं तिला वाटलं.

"तू काय बघून उठतेस?" तिने श्रेयाला विचारलं.

"मला काय म्हाईत? आपोआप उठते."

"आपोआप म्हणजे?"

"तूच बसून बघ ना."

मुली खिदळल्या. हर्षालीला नको म्हणता येईना. तिने ओढणी कमरेला बांधली.

"ताई, वही बाहेर ठिवा," कुणीतरी म्हणालं. "वहीला खो देता येत न्हाई."

ती चार नंबरच्या पाटीत उकिडवी बसली, हात जमिनीला टेकवले. सगळ्या सम पाट्यांसारखं तोंड पूर्वेला होतं. मागून रुपाली धावत आली. हर्षालीने आवाजाकडे कान लावले, पण डोळे समोरच्या मातीवर होते, आणि त्या मातीवर अचानक दोन वेण्या आणि उगारलेला हात उमटला. ती उठली. पाठीला हात लागलाच नव्हता.

"फाऊल," आठही जणी एका सुरात म्हणाल्या.

मग ती पाच नंबरला बसली, तोंड पश्चिमेला. डोळ्यांत ऊन, समोर काही दिसत नव्हतं. पाठीवर थाप बसली, "खो" ऐकू आला, मगच ती उठली.

"सर," ती हळूच म्हणाली, "या सावलीवर उठतात."

संपत सरांनी मावळतीकडे पाहिलं, मग चार नंबरच्या पाटीकडे.

"तालुक्याची म्याचबी संध्याकाळचीच व्हती," ते म्हणाले. "आन् मी दोन वर्सं पोरींना उगाच उठाबशा काढायला लावल्या."

"म्हंजी माज्या दोनशे उठाबशा परत द्या, सर," श्रेया म्हणाली.

हसणं ओसरल्यावर हर्षाली पुन्हा दगडावर जाऊन बसली. तिचे आठ दिवे म्हणजे आणखी आठ सावल्या होत्या. खो मागून येतो, हाताने आणि आवाजाने. आणि तिचं यंत्र मुलींना समोर बघायची सवय लावणार होतं. हे अजून कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मुलींचा होकार होता, सरांना दिवे आवडले होते. गप्प राहिलं असतं तर सोमवारी सही होती. तिने पेन काढलं आणि एकेक करून आठही दिवे खोडले. चौथ्या दिव्याला जरा जिवावर आलं.

कागदाच्या पाठीमागे तिने नव्याने काढायला घेतलं. पायाखाली दाबाची पट्टी. पाठीवर बनियनला शिवलेलं तळहाताएवढं बटण. पाठीचं बटण दाबलं जायच्या आत पाय पट्टीवरून सुटला, तर आवाज.

"वायर पायात यील की," श्रेया तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाली.

"हेडफोनची पिन वढली की निघती, तसं करा," रुपालीने सुचवलं. संपत सरांनी पट्टीसाठी सायकलची जुनी ट्यूब कबूल केली. अंधार पडेपर्यंत मुली कागदाभोवतीच होत्या, आणि घरी जाताना त्यावर रेषा आखायच्या पांढऱ्या फक्कीची बोटं उमटलेली होती.

सोमवारी शेवाळे सरांनी कागद उलटसुलट पाहिला.

"दिवे कुठं गेले?"

हर्षालीने खाली बघत सगळं सांगितलं. सरांनी कागद पुन्हा उलटला.

"म्हणजे दिसायला काहीच नाही. चूक झाली की वाजणार फक्त."

"हो, सर."

"म्हणजे अखेर भोंगाच केलास की."

हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

"परीक्षकांना काय दाखवशील?"

"त्यांनाच बसवू, सर."

"कुणाला?"

"परीक्षकांना. पाटीत." बोलून गेल्यावर तिचे कान तापले. "ते उठतील. मीही उठले होते."

शेवाळे सरांनी चष्मा काढला. ते हसतायत की नाही, हे तिला नीट कळलं नाही. मग त्यांनी पेन उघडून फक्कीच्या बोटांच्या शेजारी सही केली आणि खिडकीकडे पाहिलं.

"परीक्षा सकाळची असते," ते म्हणाले. "पूर्वेच्या खिडकीजवळची जागा आत्ताच सांगून ठेव. परीक्षकांची पाठ उन्हाकडे यायला हवी."