एक बोट अलीकडे

दिपमालाच्या हातात काठी होती, अंगात जोर होता आणि योगराजचं कानशील समोर होतं. तरी काठी लागली नाही. कानापासून एक बोट अलीकडे ती थांबली आणि तिथंच थरथरत राहिली.

यात नवल ते काय? आठ महिने ती थांबायलाच तर शिकत होती.

असोद्याच्या शाळेत दिपमाला पोरांची खिचडी शिजवायची. संध्याकाळी त्याच शाळेच्या अंगणात करमसिंग सर पोरींना कराटे शिकवायचे आणि त्यातच जपानी पद्धतीची लांब काठी. तिला ते 'बो' म्हणत. नाव जपानी, बांबू मात्र सरांच्या गावचा, यावलच्या वरच्या जंगलातला. दिपमालाची पंधरा वर्षांची मोना आधी शिकायला लागली. मग नवऱ्याचा मार खाऊन खाऊन शेवटी माहेरी आलेली ही बाईही पदर खोचून पोरींच्या रांगेत उभी राहिली. गावातल्या बायका हसल्या. हसणाऱ्यांचं काय जातं?

सरांचा नियम एकच. काठी पूर्ण जोरानं मारायची आणि समोरच्याच्या कातडीपासून एक बोट अलीकडे थांबवायची. "ज्याची काठी लागली तो कच्चा," सर म्हणायचे. दिपमाला यात अशी तयार झाली की सर तिला पुढं उभं करून बाकीच्यांना दाखवायचे. जोडी मायलेकींचीच. आई मोजायची, तेही जपानीत. इची म्हटलं की काठी मोनाच्या डाव्या कानाशी येऊन थांबायची. नी म्हटलं की उजव्या. आणि सान म्हटलं की मोना झटकन खाली बसायची अन् काठी तिच्या डोक्यावरून सणसणत पार जायची. तेवढा एक वार थांबवायचा नसे, कारण तेव्हा समोर कुणी उरतच नसे. काठी अंगावर येताना बाकीच्या पोरी डोळे मिटायच्या. मोना मिटत नसे. "माझी मम्मी थांबवते," असं ती सगळ्यांना सांगायची.

कोर्टानं मोनाला आईकडे दिलं होतं. नवरा योगराज तिकडे धुळ्याच्या पुढं सोनगीरला. चार वर्षांत त्यानं लेकीला साधी एक वही घेऊन दिली नाही. मग त्याची आई अर्धांगानं खाटेला खिळली. तिचं हागणं-मुतणं काढायला कोणी बाई टिकेना, तेव्हा या गृहस्थाला लेक आठवली. रविवारी भरदुपारी जीप घेऊन तो दारात आला. दिपमालानं काठी उचलली, आणि पुढं काय झालं ते सांगितलंच.

योगराजनं त्या थांबलेल्या काठीकडं पाहिलं आणि तो हसला. "बस? एवढंच शिकली?" त्यानं काठी हिसकून कुंपणापलीकडे फेकली, दिपमालाला ढकलून पाडलं आणि मोनाला जीपमध्ये कोंबलं. आजूबाजूची माणसं शेतात गेलेली. जीप वळली तेव्हा मोना खिडकीतून ओरडली, "मम्मी, मारलं का नाही?"

ते दिपमालाच्या काळजात रुतून बसलं. मार्चमध्ये पोरीची दहावीची परीक्षा.

पुढचे तीन दिवस दिपमाला वेड्यासारखी फिरली. चौकीत म्हणाले, "बापच ना तो? अर्ज देऊन ठेवा, बघू." वकील म्हणाला, पुढच्या महिन्यात तारीख मिळेल. भावकीतले नाना म्हणाले, सबुरीनं घे. उचलली जीभ लावली टाळ्याला! यांची लेक पळवली असती तर यांना सबुरी सुचली असती का?

शेवटी ती सरांकडे गेली. "सर, ते राहिलेलं एक बोट शिकवा मला."

सर म्हणाले, "ताई, खोटं कशाला बोलू? मी आजपर्यंत कुणालाच मारलेलं नाही. ज्यांनी मला शिकवलं, त्यांनीही नाही."

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? दिपमाला तशीच उठली आणि गावाबाहेरच्या केळीच्या बागेत गेली. घड उतरवलेल्या केळी तिथं नुसत्या उभ्या होत्या, कधीही तोडून टाकायच्या. तिनं एका खोडावर काठी उगारली, जीव खाऊन. काठी खोडापासून एक बोट अलीकडे थांबली. पुन्हा मारली, पुन्हा थांबली. दहा वेळा, वीस वेळा. साध्या केळीच्या खोडालाही तिची काठी लागेना. ती तिथंच चिखलात बसून रडली. तिला स्वतःच्या हातांची शिसारी आली.

गुरुवारी सकाळी सोनगीरहून फोन आला. योगराजच्या शेजारची धुरपदाबाई दबक्या आवाजात बोलत होती. "दिपमाला, तुनी पोरले घरमा कोंडी ठेयेल शे. बठ्ठा दिन रडस ती. आज सांजले म्हतारीले आन् पोरले लई सन तो सुरतले जाई राहिना. तू बिगीबिगी ये माय."

आज संध्याकाळीच दोघींना घेऊन सुरतला! एवढ्या मोठ्या शहरात कुठल्या चाळीत शोधायचं पोरीला? दिपमालानं काठी घेतली आणि जळगावहून धुळ्याची एसटी धरली. काठी बाकाखाली मावेना. कंडक्टर म्हणाला, "अक्का, हिचंही अर्धं तिकीट काढा." लोक हसले. दिपमालाला कुणी काय म्हटलं ते ऐकूसुद्धा आलं नाही. हात पुन्हा थांबला तर? धुळ्यापर्यंत आणि तिथून सोनगीरपर्यंत तिच्या डोक्यात एवढंच होतं.

सोनगीरला ती पोचली तेव्हा अंगणात जीप उभी होती, मागं गाद्या-भांडी बांधलेली. ओट्यावर खाटेवर म्हातारी. योगराज मोनाला दंडाला धरून बाहेर आणत होता. दिपमाला अंगणाच्या मधोमध उभी राहिली. "सोड तिला."

"आली का पुन्हा?"

"इची," दिपमाला म्हणाली आणि काठी फिरली. त्याच्या कानशिलापासून एक बोट अलीकडे थांबली.

झालं! पुन्हा तेच. तिचे डोळे भरून आले. योगराज मोठ्यानं हसला. त्यानं मोनाची वेणी मुठीत धरून तिला ओढलं आणि स्वतःच्या पुढ्यात उभं केलं. "आता मार. मार ना, बघू."

मायलेकी समोरासमोर आल्या, शाळेच्या अंगणात यायच्या तशाच. पोरीचे ओठ सुजलेले, डोळ्यांखाली काळं. पण ती आईच्या हातांकडं बघत होती आणि तिची पापणी लवत नव्हती.

"नी," दिपमाला म्हणाली. काठी मोनाच्या उजव्या कानाशी येऊन थांबली. मोनाचे गुडघे किंचित वाकले. दिपमालाला ते दिसलं. योगराजला दिसलं नाही, आणि दिसलं असतं तरी कळलं नसतं.

"सान."

मोना खाली बसली. वेणी त्याच्या मुठीत होती, तरी बसली. केसांचा झुपका मुळासकट त्याच्या हातात राहिला. आणि काठी जिथून रोज जायची तिथूनच गेली, कुठंही न थांबता. वाटेत योगराजचा जबडा होता.

तो जीपच्या चाकाशी कोसळला आणि हलेना. दिपमालानं पुढं होऊन बघितलं. मेला की काय? मग तो कण्हला तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला, आणि जीव भांड्यात पडला म्हणून तिला स्वतःचाच संताप आला. खाटेवरची म्हातारी तोंड वाकडं करून पाणी मागत होती. धुरपदाबाई तांब्या घेऊन धावत आली.

मोना उठली. टाळूवरून रक्ताचा ओघळ कपाळावर आला होता. ती आईसमोर दोन पावलं मागं सरकली, हात मांड्यांना लावले आणि वर्गात जोडीचा सराव संपला की करायची तशी वाकली. रोजची सवय. दिपमालालाही तसंच वाकायचं होतं, पण तिला काठीवरची बोटं सोडवता येईनात. मोनानं जवळ येऊन ती एक एक करून सोडवली.